अप्पांच्या क्लॅरिनेटमधलं पाणी

अप्पा गेले त्या संध्याकाळी त्यांची क्लॅरिनेट जोडून तयार होती. रोज दिवेलागणीला वाजवायचे, तसे त्या दिवशीही त्यांनी सगळे तुकडे एकमेकांत बसवले, रीड, म्हणजे फुंकायची वेताची पट्टी, ओली करायला ओठांत धरली आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेले. रीड अम्माने काढून घेतली. क्लॅरिनेटला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही. पुढच्या खोलीत, खुर्चीशेजारी पाटावर ठोकलेल्या लाकडी खुंटीवर ती उभी होती, ती तशीच उभी राहिली.

ज्याच्या घरात हे वाद्य नाही त्याला यात काही वावगं वाटणार नाही. पण लाकडाची क्लॅरिनेट जोडलेली ठेवायची नसते. वाजवून झालं की आत श्वासाचं पाणी साचतं. तुकडे सुटे करायचे, दोरीला बांधलेला रुमाल प्रत्येकातून ओढून घ्यायचा, मग सगळं पेटीत. रुमाल बाहेर वाळत घालायचा. ओला रुमाल पेटीत ठेवायचा नाही, लाकूड कुजतं. हा आमच्या घरातला पहिला नियम. मी एकदा लहानपणी मोडला तेव्हा अप्पा दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते. दुसरा नियम असा की पेटीच्या दोन्ही कड्या लावायच्या त्या घरातल्या बाईने. पणजोबांपासून तसं चालत आलंय, का ते कुणी सांगू शकत नाही. अम्मा कड्या लावायची, खट खट असा आवाज व्हायचा आणि मग आम्ही जेवायला बसायचो. लहानपणी मला तो आवाज ऐकूनच भूक लागायची.

आता कड्या वाजेनात, म्हणून अम्मा जेवेना.

तिला विसर आधीपासून पडत होता. अप्पा गेले हे तिला सकाळी ठाऊक असायचं. कुंकवाच्या डबीकडे हात न्यायची आणि मागे घ्यायची. पण ऊन उतरलं, की ती पुढच्या खोलीत येऊन बसायची आणि वाट बघायची. पान वाढलं की म्हणायची, "वाजवून होऊ दे गे. ते जेवल्याशिवाय मी कशी जेवू?" दहीभात तसाच सुकायचा. डॉक्टरांनी वजन बघितलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की काहीही करा, पण पोटात अन्न गेलं पाहिजे. काहीही म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

आधी मी अप्पांचं फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. अम्माने थोडं ऐकलं आणि तोंड फिरवलं. "हे डब्यातलं," ती म्हणाली. "ह्यात दम कोण घेतंय?"

खरंच होतं ते. रेकॉर्डिंग करणाऱ्या शहाण्याने मधले सगळे श्वास साफ करून टाकले होते.

माझ्याबद्दल सांगायला हवं. मीही क्लॅरिनेट वाजवते, पण दुसरी. माझी युरोपातल्या ऑर्केस्ट्राची. नुंगंबाक्कम या आमच्या तमिळ वस्तीत, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक संगीतशाळा आहे, तिथे मी मुलांना फुंकीची वाद्यं शिकवते, आणि शहरातल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात वाजवते. लग्न केलं नाही. तो विषय घरात चर्चा करून करून मेला. आम्ही तंजावरकडचे. घरातली मराठी जुनी आणि तमिळच्या चालीवर चालणारी. ही लिहायची मराठी मी सुट्टीत पुण्याच्या मावशीकडे शिकले. तिथली भावंडं माझ्या बोलण्याला हसायची, मी त्यांच्या सांबाराला हसायचे, फिटंफाट.

शाळेत नवी मुलं आली की मी त्यांना या वाद्यांची जन्मकथा सांगते. ओबो म्हणजे आपल्या नागस्वरम आणि सनईच्या कुळातलं पोर, मोकळ्या मैदानातून दिवाणखान्यात आणलेलं, म्हणून आवाज बारीक केलेला. बासरी आता धातूची झाली तरी ऑर्केस्ट्रात लाकडी वाद्यांच्याच रांगेत बसते. आणि क्लॅरिनेटच्या आधी युरोपात एक साधं, ठेंगणं वाद्य होतं, शालुमो. त्याला वरचे सूर नीट यायचे नाहीत. कुणीतरी त्याला अंगठ्यापाशी एक चावी जास्तीची लावली, वरचा मजला उघडला आणि क्लॅरिनेट झाली. हळूहळू शालुमो कुणी बनवेना, कुणी वाजवेना. पण क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांना अजून शालुमो म्हणतात. "म्हणजे तो आत आहे?" एका मुलीने मला विचारलं होतं. मी हो म्हणाले आणि पुढे शिकवत गेले. या कथा मी इतक्या वेळा सांगितल्यात, की त्यांचा अर्थ बघायचंच राहून गेलं होतं.

आमच्या घरातही ही सगळी कथा कपाटात ठेवलेली आहे. पणजोबा तंजावरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये होते. त्यांची क्लॅरिनेट पिवळ्या लाकडाची, जुजबी चाव्यांची. तिच्या तोंडावर, म्हणजे ज्याला माउथपीस म्हणतात त्यावर, दातांच्या खुणा आहेत, पण त्या खालच्या दातांच्या. त्या काळी काही लोक रीड वर ठेवून वरच्या ओठाने वाजवत, आणि पणजोबांना शिकवणाऱ्या गोऱ्याने तसंच शिकवलं असणार. आजोबांची काळी, तेरा चाव्यांची. तिच्यावर खुणा वरच्या दातांच्या. दोघांचे फोटो नाहीत. दात तेवढे आहेत.

आजोबांची ती काळीच अप्पांकडे आली. आजोबांचं माउथपीस तेवढं त्यांनी जपून ठेवलं आणि स्वतःला नवं घेतलं. अप्पा अंबत्तूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे अवजारं घडवतात तिथे, होते, हजारात एक असा हात. सगळं जग क्लॅरिनेटला चाव्या वाढवत गेलं, अप्पांनी काढल्या. आपल्या गाण्यात सूर एका जागी उभा राहत नाही, तो घसरतो, डुलतो, परत येतो. चावीला ते जमत नाही, उघड्या भोकावरच्या बोटाला जमतं. म्हणून त्यांनी चाव्या उतरवून त्यांची भोकं मेणाने बुजवली, बाकीची कानशीने किंचित तिरकी केली, रोज वाजवून बघत, रोज थोडं. कर्नाटक संगीतातले पुष्कळ क्लॅरिनेटवाले असं करतात, पण अप्पांनी ते वर्षानुवर्षं केलं. शेवटी ते वाद्य त्यांच्या बोटांशिवाय कुणाचंच राहिलं नाही. मी युरोपची क्लॅरिनेट हातात धरली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुझ्यात यंत्र फार आहे." मीही फणकाऱ्याने म्हटलं, की तुमच्यात मेण फार आहे. त्यानंतर आम्ही सुखाने वेगळ्या खोल्यांत वाजवायला लागलो.

तर अम्मा जेवत नव्हती, म्हणून एका संध्याकाळी मी अप्पांच्या खुर्चीत बसले आणि खुंटीवरची क्लॅरिनेट उचलली. अम्माने अडवलं नाही. अप्पांनी ब्लेडने तासून डबीत ठेवलेल्या रीडमधली एक लावली आणि माउथपीस तोंडात घेतलं.

माझे दात अप्पांच्या दातांच्या खाचेत बसले. पुढच्या दोन दातांमध्ये अप्पांच्या फट होती, माझ्याही आहे. खाचेतही तेवढी जागा उंच राहिली होती. मला शिसारी आली आणि त्याच वेळी फार बरं वाटलं.

वाजवायला येईल असं मला वाटत नव्हतं. माझी बोटं सवयीच्या जागा शोधत होती, तिथे चाव्याच नव्हत्या. पण भोकांच्या कडा बोटांना ओढून घेत होत्या. माझ्या पद्धतीने दाबलं की सूर फाटायचा, बोट सैल सोडलं की तो आपोआप अप्पांसारखा डुलायचा. मी सैल सोडलं. अम्माने डोळे मिटले. ते थांबायचे तिथे मी थांबले, दम घेतला तोही त्यांच्यासारखा, नाकातून, थोडा घरघरत. झाल्यावर अम्मा म्हणाली, "आज सुरवातीला हात जड होता तुमचा." आणि उठून पानं मांडायला गेली. भात, सार, लिंबाचं लोणचं. सगळं जेवली.

क्लॅरिनेट सुटी करायला मात्र तिने दिली नाही. "राहू दे. उद्या परत लागेल." ती रागावून म्हणाली. माउथपीस तेवढं काढून मी जोडलेल्या नळीतूनच रुमाल ओढायचे आणि तो खिडकीत वाळत घालायचे. पावसाळा सुरू झाल्यावर, मार्गळी या थंडीच्या महिन्याआधी इथे हवा नुसती भिजलेली असते, तेव्हा मधला सांधा फुगून घट्ट झाला. अम्मा झोपलेली असताना एकदा मी तो फिरवून बघितला. जरासुद्धा हलला नाही. आणखी जोर लावला असता तर लाकूडच तडकलं असतं.

असे दिवस जात राहिले. दिवेलागणीला मी अप्पा व्हायचे आणि जेवण झालं की भांडी घासायला मी. यात भिण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला बजावत असे. लाकूड, मेण, सवय. मी शिकवते ना हे सगळं.

मग एकदा जिन्यात खालचे काका भेटले. नागपूरचे, बँकेतून निवृत्त झाल्यावर इथेच मुलाकडे राहिलेले. हातातली भाजीची पिशवी सांभाळत म्हणाले, "काल वडिलांनी काय सुंदर वाजवलं हो! मी टीव्ही बंद केला." बोलून झाल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी अप्पांना खांदा दिला होता. "मीच वाजवते हल्ली," मी म्हटलं. ते म्हणाले, "हो हो, तुम्हीच," आणि कठड्याला धरून खाली गेले. त्यानंतर माझी चाहूल लागली की ते दार लोटून घ्यायचे.

उजव्या अंगठ्यावर क्लॅरिनेटचा सगळा भार येतो, तिथे वाजवणाऱ्याला घट्टा पडतो. माझा आहे, शाळेत असल्यापासूनचा, सांध्याच्या वर. आता सांध्याच्या खाली, अप्पांना होता तिथे, दुसरा आला. जुना मऊ पडत चालला. ऑर्केस्ट्राच्या तालमीत मी माझी क्लॅरिनेट उचलली तर ती बोटांना परकी लागली. सगळे सरळ सूर धरून बसलेले असताना माझा मधेच डुलला. आमच्या संचालकबाईंनी हात थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुरवात केली. मला रडू आलं. माझा आवाज कमवायला मला सगळं तरुणपण लागलं होतं. तो कुठे गेला हे मला कळत होतं, आणि तो परत मागितला तर घरी अम्माचं पान तसंच राहील हेही.

अम्माने मला नावाने हाक मारणं केव्हा सोडलं, ते लक्षात यायलाही मला वेळ लागला. दिवसा ती मला "ए बाई" म्हणायची, जशी दूधवालीला म्हणते. आणि संध्याकाळी "तुम्ही".

पोंगल होऊन गेल्यावर अप्पांच्या तासलेल्या रीड संपत आल्या. रीड म्हणजे शेवटी वेत, ती मरतेच. शेवटची चिरली त्या संध्याकाळी मी सुटका झाल्यासारखी उठले. मला वाटलं, आता नवी लावीन, आवाज बदलेल, अम्मा ओळखेल, जे व्हायचं ते होईल. पण अम्मा देवघरात गेली आणि मूठ मिटून आली. मूठ उघडली तर आत एक रीड होती. अप्पांच्या ओठांतून तिने काढून घेतलेली.

"ही लावा," ती म्हणाली.

मी लावली. वाजवण्याआधी रीड तोंडात धरून ओली करावी लागते, त्याला इलाज नाही. तिला कापराचा वास होता आणि खाली कॉफीची चव. अप्पा वाजवायच्या आधी कॉफी घेत.

त्या दिवशी मी जे वाजवलं ते मी वाजवलं असं म्हणवत नाही. मधेच अम्मा बोलायला लागली. अप्पा वाजवत असताना ती नेहमी बोलायची, तोंडात वाद्य असताना त्यांना उत्तर देता यायचं नाही म्हणून तिला ते सोयीचं पडायचं. हो म्हणायचं असेल तर ते खालचा एक लांब सूर द्यायचे.

"आपली मुलगी कोठे आहे?" तिने विचारलं.

मी वाजवत राहिले.

"मागच्या खोलीत वाजवायची. ते इंग्रजी. तुम्हास आवडत नसे. मी दाराशी बसून ऐकत होते, तुम्हास ठाऊक नाही. तिचं ऐकून किती दिवस जाहले. कोणी सांगेना मला. मेली काय ती?"

माझे ओठ सुटायला लागले. रीड किरकिरली.

"तिला बोलवा की हो. तुम्ही सांगितलं तर येईल. बोलवाल ना?"

मी खालचा सूर दिला. लांब, दम संपेपर्यंत. मग त्यांच्या खुर्चीत बसून मी ढसाढसा रडले आणि अम्मा माझी पाठ थोपटत राहिली, "सेरी, सेरी, बरं बरं, येईल," म्हणत. ती नवऱ्याचं सांत्वन करत होती. मुलीसाठी रडायला घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

नंतर नेहमीप्रमाणे मी माउथपीस काढून नळीतून रुमाल ओढला, कोरडा निघेपर्यंत ओढला, माउथपीस परत बसवलं आणि क्लॅरिनेट खुंटीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मी पुढच्या खोलीत गेले नाही. माझी क्लॅरिनेट घेतली, मागच्या खोलीत दार लोटून बसले, शाळकरी असताना बसायचे तशी भिंतीकडे तोंड करून. मला भीती वाटत होती. अप्पांचं वाजवणं आज नाही आणि माझं अम्मा ओळखणार नाही, मग ती काय खाईल, कशावर जगेल, ही साधी भीती. मोठं काही वाजवायचा धीर नव्हता. मुलांना शिकवते तसे नुसते लांब सूर सुरू केले, सगळ्यात खालचे, शालुमोचे. पहिले काही डुलले. बोटांनी मी त्यांना सरळ केलं. हळूहळू ते उभे राहिले, गार आणि सरळ, माझे.

मी थांबले तेव्हा पुढच्या खोलीतून अम्माचा आवाज येत होता.

"ऐकलंत? आली."

मग ती थांबली. समोरचा बोलत असताना माणूस थांबतो तितकी.

"मी म्हटलंच होतं."

पुन्हा थांबली. मी दारामागे श्वास धरून उभी होते. पलीकडून काही ऐकू आलं नाही, असंच मी लिहीन.

"नाही, मला भय नाही. ती आहे ना. तिच्या हातचं जेवेन." आणि मग, जरा वेळाने, अगदी हळू, "जा तुम्ही. पोदुम, पुरे आता. दमलात."

मी दार उघडलं. दिवा लागायचा होता, खोलीत तेवढाच उजेड होता जेवढा खिडकीतून येत होता. खुर्ची रिकामी होती. अम्मा चटईवर बसली होती आणि मांडीवर क्लॅरिनेटची पेटी उघडून धरली होती, आतला मखमलीचा निळा कप्पा मी कित्येक महिन्यांनी बघत होते. तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलं, आणि माझ्या नावाने मला हाक मारली.

"काढ ते," ती म्हणाली. "सुटं कर."

मी खुंटीवरून क्लॅरिनेट उचलली. मधला सांधा धरला, जोर लावायला बोटं आवळली, आणि तो लोण्यातून निघाल्यासारखा निघाला. हवा कोरडी झाली होती, पोंगलपासूनचा तै महिना चालू होता, लाकूड आकसतं. हे सगळं मला ठाऊक आहे. मी दोरी आत सोडली आणि रुमाल ओढला.

रुमाल ओला निघाला.

दवाने दमट नव्हे. पूर्ण मैफल वाजवल्यावर निघतो तसा, पिळता येईल इतका ओला आणि कोमट. माउथपीसवरची रीडसुद्धा ओली होती. त्या दिवशी त्या वाद्याला कुणी तोंड लावलं नव्हतं. अम्माला बोटं पसरून भोकं झाकता येत नाहीत, तिचा संधिवात मी रोज चोळते. मी रुमाल हातात धरून उभी राहिले. मला ओरडून म्हणायचं होतं, अप्पा, थांबा, आणखी एकदा बसा, मी नाही वाजवणार माझं, कधीच नाही वाजवणार. अम्मा समोर होती आणि तिला भूक लागली होती.

तुकडे एकेक करून कप्प्यांत ठेवले. रुमाल वाळत घालायला खिडकीकडे वळले आणि परत फिरले. त्याची घडी केली आणि तशीच ओली पेटीत, माउथपीसच्या शेजारी ठेवली. अम्माने ते पाहिलं. नियम तिलाही पाठ होता. तिने झाकण लावलं आणि वाकड्या बोटांनी दोन्ही कड्या लावल्या, खट, खट, आणि मला लहानपणीसारखी भूक लागली.

त्यानंतर ती रोज जेवते. मी मागच्या खोलीत वाजवते, ती दाराशी बसते. खालचे काका परवा भेटले तेव्हा म्हणाले, "आता तुमचं ऐकू येतं." अंगठ्यावरचा खालचा घट्टा मऊ पडत चाललाय, त्याला मी अधूनमधून दाबून बघते.

पेटी कपाटात आहे, पणजोबांच्या पिवळ्या क्लॅरिनेटशेजारी. आत लाकडाला बुरशी धरली असेल, अप्पा असते तर त्यांनी महिनाभर माझं तोंड पाहिलं नसतं. सुट्टीच्या दिवशी मी कपाट उघडते, पेटीवरची धूळ पुसते, कड्यांवर अंगठा ठेवते आणि परत कपाट लावते. उघडली तर रुमाल वाळलेला असेल.